पश्चिमेच्या भिंतीचं अस्तर

कबनूर
९ ऑगस्ट २०२५

ती. तानाकाकी यांना,
संघर्षचा नमस्कार.

मी कबनूरचा संघर्ष. दोन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या उन्हात, तुमच्या खालच्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीला आतून थर्माकोलचं अस्तर लावून वर बोर्ड मारला, तो. काका अर्धांगानं पलंगाला खिळलेले आणि दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापायची, म्हणून विश्वजितदादांनी मला बोलावलं होतं. अकरा दिवस काम चाललं. अकराही दिवस दुपारचं तुमच्याकडंच जेवलो. पहिल्या दिवशी तुम्ही माझं आडनाव विचारलंत. नंतर ताट बदललं नाही की बसायची जागा बदलली नाही. ते मी विसरलेलो नाही.

काका गेल्याचं परवा कळलं. इचलकरंजीत हार्डवेअरच्या दुकानात मुरगूडचा एक गवंडी भेटला. तो म्हणाला, माडी खाली आली, म्हातारा पलंगावरच होता. मी पुढचं विचारलं नाही. घेतलेलं सामान काउंटरवर तसंच ठेवून घरी आलो.

तुमचा फोन लागेना, म्हणून दादांना दोनदा लावला. दोन्ही वेळा त्यांनी उचलला आणि मीच ठेवून दिला. म्हणून हे लिहितोय.

घर जुनं होतं काकी. चाळीस वर्षांच्या तुळया. त्यात यंदाचा पाऊस. यात कुणाच्या हातात काही नव्हतं. दादा किंवा भावकीतलं कुणी माझ्या कामाबद्दल काही बोलत असेल तर मला कळवा, मी येऊन समजावून सांगेन. अस्तर भिंतीला असतं, माडीचा भार त्याच्यावर नसतो.

तब्येतीला जपा. माझी बायको निशा नमस्कार सांगते.

आपला,
संघर्ष

*

मुरगूड
२१ ऑगस्ट २०२५

संघर्षला आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं तवा बरं वाटलं. आता पत्र कोण लिहितंय? मी अंगणवाडीत सत्तावीस वर्षं रजिस्टर लिहिलं, म्हणून अजून हात चालतोय. माझा फोन ढिगाऱ्याखाली गेला. नवा घेऊ नको म्हणून मीच विश्वजितला सांगितलं. बोलायचं कुणाशी?

विचारलं न्हाईस तरी सांगते, कारण हितं सगळी विचारत्यात आन् कुणी पुरतं ऐकत न्हाय. अठरा जुलै, शुक्रवार. अकरा दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. दुपारी दोनच्या सुमाराला मालकास्नी मऊ भात भरवला, तोंड पुसलं, आन् भांडी घासायला परसात गेले. आवाज आला तवा वाटलं, रस्त्यावर कुणाची ट्रॉली उलटली. आत येऊन बघते तर धूळच धूळ. माडीवर भाताची चौदा पोती हुती. ती सगळी तुळईसंगं खाली आलेली. गल्लीतली पोरं धावली. मालकांचा डावा हात तेवढा भायेर हुता.

पोलीस आलं, पंचनामा झाला. अकस्मात मृत्यू लिहिलं. विश्वजित म्हणाला, "आई, कुणाचा दोष न्हाय यात. घरच जुनं." माणसं म्हणाली, तानाबाई परसात हुती म्हणून वाचली. सोपा आन् चूल तेवढी शाबूत हाय, तिथंच राहते.

तुझ्या कामाला कुणी नाव ठेवलं न्हाय बघ. उलट मीच सांगते समद्यास्नी, त्या भित्तीनं दोन उन्हाळं मालकास्नी सुख दिलं. आधी दुपारी उघडं करून पंख्याखाली ठेवलं तरी घामानं अंथरूण भिजायचं. पाठीला फोड आलं हुतं. तू गेल्यावर ते फोड बसलं. रोज दुपारी डाव्या हातानं भित्तीच्या वरच्या कोपऱ्याकडं बोट करायचं, अं अं करायचं. मी म्हणायची, व्हय, संघर्षनं केलंय, चांगलं केलंय पोरानं. तुझीच आठवण काढत असावंत.

एक विचारायचं हाय. ढिगारा काढताना पोरांनी तुळई अंगणात टाकली. तिचं भित्तीत असलेलं टोक काळं पडलंय, ओल्या कोंड्यागत हातात येतंय. बाकीची तुळई टणक हाय. तू ह्या धंद्यातला. दोन वर्षांत लाकूड असं हुतं का?

तानाबाई

*

कबनूर
२ सप्टेंबर २०२५

ती. तानाकाकींना नमस्कार.

पत्र मिळालं. लाकडाचं म्हणाल तर वाळवी लागली की असं होतं. वाळवी आतून खाते, वरून दिसत नाही. शिवाय माडीवरचा पत्रा कुठं गळत असेल तर पाणी भिंतीतून उतरतं. चौदा पोती म्हणजे भारही फार झाला.

त्या तुळया आता अंगणात ठेवू नका, वाळवी पसरते. जाळून टाका.

सध्या कामाची गडबड आहे, म्हणून थोडक्यात.

संघर्ष

*

मुरगूड
९ सप्टेंबर २०२५

संघर्ष,

वाळवी मी बघितलीया. वाळवी मातीचं घर करते. हितं माती न्हाय.

पत्रा गळत न्हवता. माडीवर पोती कोरडी हुती, आतला भात मी अजून खातेय.

तुझं पत्र वाचल्यावर मी अंगणात जाऊन तुळईचं दुसरं टोक बघितलं, पूर्वेच्या भित्तीतलं. त्यात खिळा मारायला गेले तर वाकला. एकच लाकूड, एकाच दिवशी बसवलेलं. एक टोक लोखंड आन् एक टोक कोंडा. पूर्वेच्या भित्तीला तू हात लावला नव्हतास.

तुळया जाळल्या न्हाईत. विश्वजितला अजून कायबी बोलले न्हाय. आधी तुला विचारते. खरं काय ते सांग.

तानाबाई

*

कबनूर
२३ सप्टेंबर २०२५

ती. तानाकाकी,

चार वेळा लिहून फाडलं. निशा म्हणाली, लिहूच नका, कागद पुरावा होतो. त्यांचा मुलगा माणसं घेऊन दारात आला तर काय करणार? तिचं खोटं नाही. तरी लिहितो.

पुण्यात मी ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: ओल्या भिंतीला आतून अस्तर लावायचं नाही. बाहेरून पाऊस लागणारी विटांची भिंत पाणी पिते. पण पावसाळा संपला की दोन्ही बाजूंनी वाळते, बाहेरून आणि आतून. आपण आतून प्लॅस्टिकचा कागद, थर्माकोल आणि बोर्ड लावला की आतली बाजू बंद. उन्हाची धग आत येत नाही, तशी भिंतीची ओलही बाहेर पडत नाही. भिंत बारा महिने ओली राहते, आणि तिच्यात खोचलेली तुळयांची टोकं ते पाणी ओढत राहतात. म्हणून आधी बाहेरून विटांच्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, भरून घ्यायच्या, एक उन्हाळा भिंत वाळू द्यायची, तुळयांची टोकं तपासायची, आणि मगच आत हात घालायचा.

हे मला माहीत होतं.

तुमच्याकडं सातव्या दिवशी मी वरची पट्टी बसवत होतो. तळहात टेकला तर भिंत गार लागली. एप्रिल महिना, आणि छताजवळ भिंत गार. कोपऱ्यातल्या तुळईखाली विटेचा रंग गडद होता. मी स्क्रूड्रायव्हर तुळईच्या टोकाला लावला आणि दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावा लागला नाही.

काका पलंगावरून बघत होते.

त्यांना बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांनी डावा हात उचलला, त्या टोकाकडं बोट केलं आणि मोठ्यानं आवाज काढला. थांबेचनात. तुम्ही स्वयंपाकघरातून हात पुसत आलात. "काय म्हणतायत रं?" म्हणून मला विचारलंत. मी शिडीवर होतो. म्हणालो, "पाणी मागतायत."

तुम्ही पाणी आणलंत. काकांनी तोंड मिटून घेतलं. पाणी गळ्यावरून उशीवर गेलं. तुम्ही त्यांना रागावलात.

दादांना हे काम अक्षय तृतीयेच्या आत हवं होतं. मला पुढं कोल्हापुरात एका हॉटेलचं काम मिळालं होतं, त्यांची तारीख ठरली होती. भिंत वाळू द्या म्हणालो असतो तर तुमचं काम पुढच्या वर्षावर गेलं असतं, कदाचित दुसऱ्याला गेलं असतं. मनात म्हटलं, चाळीस वर्षं टिकलीय, अजून टिकेल. दुसऱ्या दिवशी बोर्ड मारला. मग ते टोक दिसेनासं झालं आणि मीही विसरलो. विसरलो म्हणजे, आठवायचं बंद केलं.

काका दोन वर्षं कोपऱ्याकडं बोट करत होते असं तुम्ही लिहिलंत. ते माझी आठवण काढत नव्हते, काकी.

हे पत्र तुम्ही दादांना दाखवा, पोलिसांना दाखवा. मी कबनूरमध्येच आहे.

संघर्ष

*

कबनूर
१० ऑक्टोबर २०२५

ती. तानाकाकी,

तुमचं उत्तर नाही. दारात मोटारसायकल थांबली की निशा खिडकीतून बघते. अजून कुणी आलं नाही.

तुम्ही पत्र दाखवलं नसेल तर का नाही, ते मला कळत नाही. चार ओळी तरी लिहा. शिव्या लिहिल्या तरी चालतील.

संघर्ष

*

मुरगूड
१६ ऑक्टोबर २०२५

संघर्ष,

शिव्या द्यायला बसले हुते. तीनदा बसले. हात चालंना, कारण दर वेळी माझंच तोंड दिसायचं.

आता माझं ऐक. ह्ये कुणालाच सांगितलेलं न्हाय.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्या खोलीत वास यायला लागला. भिजलेल्या पोत्यागत. बोर्डाच्या खालच्या कडंला काळं ठिपकं आलं. मी फिनेलनं पुसायची, आठ दिवसात परत यायचं. मग माडीचं दार घासायला लागलं. वर जाऊन बघितलं तर भित्तीच्या कडंला फळ्या खचलेल्या. फळी आन् भित्तीमधी माझी दोन बोटं जायला लागली. पोती त्याच बाजूला रचलेली. मला भाताचं पोतं हलत न्हाय, पर हलवायला माणूस बोलावता आला असता. न्हाय बोलावला.

वीस जूनला मी माझी वळकटी खोलीतनं सोप्यात आणली. शेजारी म्हणाली, "का वं, भायेर का निजता?" मी म्हटलं, वासानं खोकला येतोय. खोकला येतच हुता. पर मी त्या माडीखाली निजायला भ्यायले हुते. मी माझं अंथरूण काढलं आन् मालकास्नी तिथंच ठेवलं.

त्येंचा पलंग हलवायला चार माणसं लागत्यात. चार माणसं म्हणजे विश्वजितला फोन. त्यानं येऊन फळ्या बघितल्या असत्या तर त्याच दिवशी आम्हा दोघास्नी कोल्हापूरला, राजारामपुरीला नेलं असतं, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधी. त्याचं म्हणणं दोन वर्षं तेच हुतं. मला तिथं जायचं न्हवतं. तिथं सूनबाईच्या स्वयंपाकघरात मी पाहुणी. म्हणून मी ठरवलं, पावसाळा सरला की बघू. अठ्ठावीस दिवस रोज तेच म्हटलं.

तू लिहिलंस ते पाण्याचं मला आठवतंय. मी म्हटलं हुतं, "मागायचं आन् प्यायचं न्हाय, लहान पोर हाईसा काय?" त्येंच्या डोळ्यातनं पाणी आलं. डॉक्टर म्हणायचं, अर्धांगाच्या माणसास्नी उगाच रडू येतं. मी उगाच म्हणूनच धरलं. दोन वर्षं बोट करत हुतं. मी काय करायची ठावं हाय? तो हात धरून भित्तीला लावायची. "व्हय, गार हाय की," म्हणायची. ते हात काढून घ्यायचं. मी परत लावायची.

चव्वेचाळीस वर्षं संसार केला त्या माणसाशी.

आता दुसरी गोष्ट. मालक गेलं ते गेलं. तू अशी आणि किती घरं केलीस? त्यात लाकडी माडीची किती? तिथं माणसं निजत असतील. मला त्या घरांचं काय झालं ते पायजे. जाऊन बोर्ड काढ. एकेक टोक हातानं बघ. तोवर मला माफीचं, बिफीचं काही लिहू नकोस.

तानाबाई

*

कबनूर
१३ नोव्हेंबर २०२५

ती. तानाकाकी,

मी अशा एकूण नऊ भिंती केल्या. सात स्लॅबच्या घरांत. तिथं बुरशी धरेल, पण काही कोसळणार नाही. त्या सातही जणांना सांगून आलो. दोघांनी बोर्ड काढून न्यायला सांगितलं, बाकीच्यांनी दार लावून घेतलं.

लाकडी माडीची दोन घरं. एक निपाणी रस्त्याला, एका निवृत्त मास्तरांचं. दिवाळीच्या तोंडावर गेलो. मास्तर म्हणाले, "बघा बाबा." अर्धा दिवस लागला. आत काही नव्हतं. कोरडं ठणठणीत. त्या भिंतीला लागून शेजाऱ्याची भिंत आहे, पाऊस लागतच नाही. मास्तरीणबाईंनी चहा दिला. मला वाटलं, सुटलो.

दुसरं घर आमच्या कबनूरचंच, दोन गल्ल्या सोडून. पिराजी नावाचे आहेत, खाली चार माग, वर माडीवर कुटुंब. म्हातारी आई, बायको, दोन मुली. मागांच्या धक्क्यानं ते घर दिवसभर थरथरत असतं. मी गेलो तर म्हणाले, "का रं, धंदा न्हाय व्हय सध्या? आपणच लावायचं आन् आपणच काढायचं?" मी तुमच्या घराचं सांगितलं. ते म्हणाले, "ते मुरगूडचं. हितं काय न्हाय. दिवाळी होऊ दे, मग ये."

दिवाळीनंतर गेलो. म्हणाले, लग्नसराईचा माल आहे.

घरी येऊन बसलो. निशानं विचारलं, काय झालं? मी तिला तुमची अठ्ठावीस दिवसांची गोष्ट वाचून दाखवली. क्षमा करा, तिला वाचून दाखवली. तिनं पत्र घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घातली, म्हणाली, चला. पिराजी बाजारात गेले होते. निशा माडीवर गेली आणि त्यांच्या बायकोला म्हणाली, "वहिनी, तुमच्या मुली कुठं निजतात?" त्या बाईनं भिंतीकडं बोट केलं, खाली मी अस्तर लावलेल्या त्याच भिंतीकडं. निशा म्हणाली, "ह्यांना एक बोर्ड काढू द्या. काही नसलं तर आम्ही तुमच्या पाया पडून जाऊ."

खाली जाऊन छताजवळचा बोर्ड काढला. मागचं थर्माकोल काळं झालेलं, पाणी ठिबकत होतं. स्क्रूड्रायव्हर लागलाच नाही. तुळईचं टोक माझ्या हातात आलं. तुळई नुसती विटेच्या कडेवर टेकली होती, दीड बोट. वर चौघी आणि खाली माग चालू.

मी मागांचं बटण बंद केलं. म्हातारीला निशानं आणि मी उचलून खाली आणलं. मग टेकू मिळेपर्यंत आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो.

पिराजी आले. आत जाऊन बघून आले. मग सगळ्या गल्लीसमोर त्यांनी मला मारलं. दोन थोबाडीत, एक पाठीत. मी हात वर केला नाही. निशा मधे पडायला लागली तर तिला मी थांबवलं.

ते घर आता टेकूवर उभं आहे. माग बंद आहेत. मला कुणी काम देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सोमवारी, १७ तारखेला, मी मुरगूडला येऊन पोलीस ठाण्यात माझं सांगणार आहे. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, हयगयीचा गुन्हा आहे, जामीन होईल, पण शिक्षाही होऊ शकते. तुम्ही मला माफी लिहायची बंदी केली आहे, म्हणून लिहीत नाही.

संघर्ष

*

राजारामपुरी, कोल्हापूर
२१ डिसेंबर २०२५

संघर्ष,

ह्ये पत्र उशिरा लिहितेय. त्या सोमवारी ठाण्यात आपण बोललो न्हाय, आन् त्यानंतर मला हितं आणलं.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी मी विश्वजितला मुरगूडला बोलावून घेतलं आन् तुझी सगळी पत्रं त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं तुझं स्क्रूड्रायव्हरचं पत्र वाचलं आन् गाडीची चावी उचलली. मी दारात आडवी झाले. म्हटलं, "कबनूरला जायचं न्हाय. त्याची बायकू खिडकीत उभी राहते. उद्या तो स्वतः ठाण्यात येतोय, तिथं चल." तो ओरडला, "त्यानं माझ्या बापाला मारलं, आन् तू त्याला पत्रं लिहितीस?" मग मी त्याला माझं सांगितलं. वासाचं, फळ्यांचं, वळकटीचं. सगळं. सांगताना त्याच्याकडं बघितलं न्हाय. झाल्यावर बघितलं तर तो खाली बसला हुता, चावी हातात तशीच. त्यानं एकच विचारलं, "एक फोन का न्हाय केलास?" मी त्याला खरं उत्तर दिलं. तुझ्या घरी यायचं न्हवतं म्हणून.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला न्हाय. जेवायला हाक सून मारते. औषध नात आणून देते. तो समोरून जातो, टीव्हीचा आवाज कमी करतो, परत वाढवतो. वाईट वागत न्हाय. बोलत न्हाय एवढंच.

ठाण्यात तुझं लिहून झाल्यावर तुला आत बसवलं, तवा मी साहेबांपुढं गेले. म्हटलं, माझंबी लिवा. साहेब तरणा पोरगा, चांगला वागला. सगळं ऐकून घेतलं, लिहूनबी घेतलं. मग म्हणाला, "आज्जी, हा काय गुन्हा होत न्हाय. तुम्ही साक्षीदार. तुम्ही तर घरच्याच." मी म्हटलं, "मला दिसत हुतं, तरी मी माझं अंथरूण काढलं. त्यास्नी न्हाय काढलं." तो म्हणाला, "घाबरल्यावर माणसाला सुचत न्हाय, आज्जी. मनाला लावून घेऊ नका." आन् शिपायाला म्हणाला, आज्जीस्नी रिक्षा बघून दे.

मी रिक्षात बसले. तेवढंच झालं माझं.

तुला जामीन झाला ते कळलं. तू शिडीवरून मला खोटं सांगितलंस, ते मी मरेपर्यंत इसरणार न्हाय, आन् इसरावं असं तूबी म्हणू नकोस. पिराजीच्या पोरी वाचल्या, ते चांगलं झालं. त्यानं मालक येत न्हाईत. दोन्ही खरं हाय, आन् दोन्ही मला एकदम धरता येत न्हाईत. एक धरलं की दुसरं सुटतंय.

तुझ्यापुढं कोर्ट हाय. जज्ज हाय, तारीख हाय, काय असंल ती शिक्षा हाय. ती भोगलीस की तुला म्हणता येईल, झाली. माझ्यापुढं कोण हाय? मालक बोलू शकत न्हवतं, पोरगा बोलत न्हाय, आन् पोलीस म्हणतोय रिक्षानं घरी जावा.

आता पत्र पाठवू नकोस. हितं पोस्टमन खाली वॉचमनकडं टपाल देतो, वॉचमन विश्वजितच्या हातात देतो.

कोर्टाची तारीख बारा फेब्रुवारीला हाय म्हणं. साक्षीला मला बोलावतील, मी येईन. विचारतील ते सांगेन, तुझंबी आन् माझंबी. निशाला संगं आण, एकटा येऊ नकोस. तिथं मला नमस्कार करायला पुढं येऊ नकोस. विश्वजित माझ्या शेजारी असंल.

तानाबाई